वॉकर घेऊ, व्हीलचेअर घेऊ, की दोन्ही एकात येतं ते घेऊ?

प्रश्न : ताई, माझी आई ७८ वर्षांची आहे. दोन्ही गुडघे झिजलेत, ऑपरेशन नको म्हणते. घरात काठी घेऊन, भिंतीला हात लावत फिरते, पण खाली सोसायटीच्या गेटपर्यंत गेली की बाकावर बसते आणि मग परत यायची हिंमत होत नाही, म्हणून हल्ली जातच नाही. आधी रोज संध्याकाळी गणपतीच्या देवळात जायची, येताना भाजी आणायची. भाऊ म्हणतो सरळ व्हीलचेअर घेऊन टाक, आई म्हणते मला खुर्चीत बसवू नका. ऑनलाइन एक बघितलं, चार चाकांचा वॉकर आहे पण पाठीचा पट्टा फिरवला आणि पाय ठेवायच्या पट्ट्या खाली केल्या की खुर्ची होते, मागून कोणीतरी ढकलायची. घ्यावं का असं काही, की नुसतं दिखाऊ आहे? आम्ही डोंबिवलीला दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट आहे. दिवसा घरी आई आणि बाबाच असतात, बाबा ८२ चे आहेत.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दिखाऊ अजिबात नाही. ज्यांना जाता येतं पण परत यायची खात्री वाटत नाही अशांसाठीच ही वस्तू आहे, आणि तुमच्या आई अगदी तशाच आहेत. जाताना चालायचं, दमलं की सीटवर बसायचं, आणि अगदीच नाही जमलं तर खुर्ची करून कोणीतरी घरी आणायचं. परत यायची सोय आहे हे एकदा मनात बसलं की माणूस पुन्हा बाहेर पडायला लागतो, मी हे कितीतरी घरांत बघितलंय.

खुर्चीत बसवू नका हे आईंचं म्हणणं मला पूर्ण पटतं. भाऊ काळजीपोटीच बोलतायत, पण चालतं माणूस व्हीलचेअरवर बसवलं की मांडीचे स्नायू भराभर उतरतात, आणि झिजलेल्या गुडघ्याला खरा आधार त्या मांडीच्या स्नायूंचाच असतो. म्हणजे आज जे गेटपर्यंत जाणं होतंय ते पुढे संडासपर्यंत सुद्धा होणार नाही. एक मात्र आधी करा. चालण्याचं अंतर हे अलीकडेच कमी झालं असेल, किंवा थोडं चाललं की पोटऱ्या भरून येतात आणि वाकून उभं राहिलं किंवा बसलं की बरं वाटतं असं काही असेल, तर ते गुडघ्याचं नसून मणक्याचं किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांचं असू शकतं, त्यासाठी डॉक्टरांना दाखवा, वस्तू नंतर घ्या.

आता महत्त्वाचं. दुकानात तुम्हाला साधा रोलेटर दाखवतील, त्यालाही सीट असते, चार चाकं असतात, हँडब्रेक असतात, किंमतही कमी असते, आणि सांगतील की ह्याच्यावरच बसवून ढकला की, काय फरक पडतो. फरक पडतो हो! साध्या रोलेटरची सीट थांबून बसण्यापुरती असते. त्यात माणूस हँडलकडे तोंड करून बसतो, पाय ठेवायला काही नसतं, आणि ढकलायला लागलं की पाय जमिनीला घासतात. माझ्याकडे एक आजोबा आले होते, घरच्यांनी असंच बसवून पेव्हर ब्लॉकवरून नेलं, ब्लॉकच्या फटीत चप्पल अडकली, पाय मुरगळला आणि घोटा मोडला. कॉम्बोमध्ये, म्हणजे तुम्ही बघितलेल्या वॉकर-खुर्चीत, पाठीचा पट्टा दुसऱ्या बाजूला फिरतो, माणूस पुढे तोंड करून बसतो आणि दोन्ही पाय फूटरेस्टवर, म्हणजे पाय ठेवायच्या पट्ट्यांवर, वर उचललेले राहतात. त्यामुळे ढकलायचं असेल तर कॉम्बोच घ्या, साध्या रोलेटरवर बसवून कोणालाही दोन पावलंसुद्धा ढकलू नका.

दुकानात जायच्या आधी घरी टेप घेऊन मापं काढा, इथे आळस करू नका. आईंना बाहेर घालायच्या चपला घालून सरळ उभं करा, हात बाजूला सैल सोडायला सांगा, मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत जे माप येईल ती हँडलची उंची. तेवढ्या उंचीवर धरलं की कोपरात थोडासा बाक राहतो, तसाच पाहिजे. हँडल उंच झालं तर खांदे वर ओढले जातात आणि कमी झालं तर माणूस वाकून चालतो. मग खुर्चीवर बसवून गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंत मोजा. बाहेरच्या देशांतली मॉडेल्स तिकडच्या उंचीची असतात, सीट २० ते २२ इंचांवर असते, आणि आपल्याकडच्या पाच फुटांच्या आतल्या बायकांचे पाय त्यावर लोंबकळतात. गुडघेदुखीत सीट जराशी उंच असली की उठायला सोपं जातं हे खरं, पण बसल्यावर पाऊल जमिनीला टेकलंच पाहिजे, नाहीतर उठताना पुढे घसरायची भीती. म्हणून सीट कमी उंचीची असलेलं छोटं मॉडेल मागा.

तिसरं माप दरवाज्यांचं. कॉम्बोची रुंदी साधारण २३ ते २७ इंच असते आणि जुन्या बिल्डिंगमधले बाथरूमचे दरवाजे बऱ्याचदा त्याहून अरुंद. चौकट मोजू नका, दार पूर्ण उघडून दाराची जाडी सोडून जी मोकळी जागा उरते ती मोजा. लिफ्टचंही तसंच, आणि लिफ्टच्या आतली लांबीसुद्धा बघा, कारण ढकलणारा माणूसही आत मावला पाहिजे. बाथरूममध्ये हे जात नसेल तर बिघडलं नाही, तिथे भिंतीला पकडायचे दांडे बसवा, हे बाहेरच्यासाठी राहू द्या.

बाबांबद्दल मात्र मला थोडी काळजी वाटते. ह्या वस्तूत चालणाऱ्याचं हँडल आणि ढकलणाऱ्याचं हँडल एकच असतं, आईंच्या उंचीला लावलेलं हँडल बाबांना ठेंगणं पडतं आणि त्यांची कंबर धरते, त्यामुळे खुर्ची करताना हँडल वर करायचं, परत चालताना खाली, आणि हे स्क्रू काढत बसायचं काम असेल तर कोणीच करणार नाही, बटण किंवा लिव्हर दाबून चटकन बदलतं का हे दुकानातच करून बघा. शिवाय ८२ वर्षांच्या माणसाने भरलेली खुर्ची चढावर ढकलू नये, मग तो सोसायटीचा रॅम्प का असेना. रॅम्प चांगला असेल तर एक इंच चढाला १२ इंच लांबी असते, आपल्याकडचे बरेच रॅम्प त्याहून खूपच उभे असतात. देवळात जायचा दिवस तुम्ही घरी असाल तोच ठेवा, किंवा वॉचमन, शेजारचा मुलगा कोणीतरी सोबत असू द्या. उतारावरून खुर्ची उलटी, म्हणजे आईंची पाठ उताराकडे करून हळूहळू खाली आणायची. लिफ्टच्या फटीवरूनही उलटंच घ्यायचं, सरळ घेतलं तर पुढची फिरती चाकं फटीत अडकतात.

दुकानात काय बघायचं ते सांगते. चाकं मोठी, आठ इंचांच्या आसपास आणि मऊ रबरासारखी हवीत, सहा इंची कडक प्लास्टिकची चाकं लादीवर ठीक, आपल्या रस्त्यांवर नाहीत. ब्रेक आईंच्या हातात द्या, दुकानदाराच्या नाही. वर ओढला की वेग कमी होतो आणि खाली दाबला की लॉक होतो, बोटं आखडलेली असतील तर खाली दाबायला जोर पुरत नाही. लॉक करून जोरात ढकला, चाक जराही फिरलं तर ते मॉडेल सोडा. फूटरेस्ट चालताना पूर्ण बाजूला जातात का बघा, नाहीतर नडगीला लागतात. घडी करून बघा आणि ती घडी तुमच्या गाडीच्या डिकीत जाते का बघा, सीएनजीची टाकी असेल तर डिकीत जागा कुठली उरते, मग मागच्या सीटवर ठेवावं लागतं. वजन साधारण नऊ-दहा किलो असतं, ते उचलून रिक्षात ठेवायला कोण आहे हे आधीच ठरवा. किती किलोपर्यंतच्या माणसाला चालतं ते लेबलवर छापलेलं असतं, ते वाचा.

घरी आणल्यावर बसायची-उठायची सवय लावा. ब्रेक लॉक, मग मागे मागे येत सीट पायांना लागेपर्यंत जायचं, हात टेकायचे आणि मगच बसायचं. उठताना फूटरेस्ट आधी वर, पाय जमिनीवर. फूटरेस्टवर उभं राहिलं की अख्खी खुर्ची पुढे उलटते. शक्य असेल तर सर्जिकलच्या दुकानातून आधी महिनाभर भाड्याने आणा, साधा रोलेटर मिळाला तरी चालेल, आई तो वापरतात का तेवढं कळेल.

प्रश्न : बाबांना पार्किन्सन्स आहे. चालताना पावलं छोटी छोटी होत जातात आणि पुढे धावल्यासारखे जातात. त्यांना पण हेच चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : थांबा, घाई करू नका. साधा रोलेटर हलका पळतो, आणि ज्यांची पावलं आपोआप भरभर होतात त्यांच्या हातातून तो पुढे निघून जातो, मागोमाग माणूस तोंडावर. त्यांच्यासाठी उलट्या ब्रेकचे वॉकर असतात, म्हणजे दाबलं तरच चाकं फिरतात आणि हात सोडला की थांबतात, आणि काहींमध्ये चाकं घट्ट करून वेग कमी ठेवता येतो. फिजिओने बाबांना प्रत्यक्ष चालवून बघितल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका. पॅरालिसिसमुळे एक हात कमजोर असेल तरी हीच गोष्ट, दोन्ही हातांचे दोन वेगळे ब्रेक तिथे उपयोगाचे नाहीत, एका हाताने दोन्ही चाकं थांबतील असा ब्रेक लागतो. आणि फ्रॅक्चरनंतर डॉक्टरांनी पायावर भार देऊ नका सांगितलं असेल तर चाकांचं काहीच नको, चार पायांचा बिनचाकी वॉकर.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीला असतो. आई-बाबा सहा महिने आमच्याकडे होते, इथला कॉम्बो त्यांना आवडलाय. परत जाताना सोबत देऊ का?
– एक वाचक

उत्तर : वापरून आवडलाय म्हणजे अर्धं काम झालं, द्या. एअरलाइनला आधी कळवा की चालायचं साधन सोबत आहे. ब्रेकची केबल सायकलच्या ब्रेकसारखीच असते, सैल झाली तर आपल्याकडचा कोणताही सायकलवाला घट्ट करून देतो. चाक आणि फूटरेस्ट मात्र त्याच कंपनीचे लागतात, ते जादा घेऊन बॅगेत टाका. आणि हे पूर्ण दिवस बसायची खुर्ची म्हणून वापरू नका असं त्यांना सांगा, सीट अरुंद आणि गादी पातळ असते, तासन्‌तास बसलं तर कमरेखाली जखमा होतात.

प्रश्न : एवढे पैसे नाहीत ताई. सरकारकडून काही मिळतं का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : मिळतं. महाराष्ट्राची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ साली सुरू झाली, वय ६५ किंवा जास्त आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर ३००० रुपये एकदाच बँक खात्यात येतात. यात फोल्डिंग वॉकर, ट्रायपॉड म्हणजे तीन पायांची काठी, कमोड खुर्ची, कानाचं मशीन असं घेता येतं. कॉम्बो ह्या रकमेत येणार नाही, पण चांगला फोल्डिंग वॉकर नक्की येतो. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना वेगळी आहे, ती २०१७ पासून आहे, त्यात शिबिरात तपासणी करून वस्तूच फुकट देतात, व्हीलचेअरसुद्धा. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात आधार कार्ड आणि बँक पासबुक घेऊन जा, आणि पुढचं शिबिर कधी आहे तेही तिथेच विचारून या.