एचपीव्ही टेस्ट निगेटिव्ह, बायोप्सीत कर्करोग: कोणता रिपोर्ट खोटा?

वहिनींच्या गर्भाशयमुखाची एचपीव्ही टेस्ट निगेटिव्ह, पॅप स्मिअर (मुखावरच्या पेशी ब्रशने घेऊन केलेली तपासणी) नॉर्मल, आणि बायोप्सीत ‘अ‍ॅडेनोकार्सिनोमा, गॅस्ट्रिक टाइप’, म्हणजे जठराच्या ग्रंथींसारखा दिसणारा ग्रंथींचा कर्करोग. तर एचपीव्ही दुसऱ्या लॅबमधून पुन्हा करावी का, असं तुम्ही विचारलंय. नको. तिन्ही रिपोर्ट एकाच वेळी खरे असू शकतात. एचपीव्ही टेस्ट हा शरीरसंबंधातून पसरणारा विषाणू शोधते, कर्करोग नाही. ज्या गाठीत विषाणूच नाही तिथे ती निगेटिव्हच येणार.

‘गर्भाशयमुखाचा कर्करोग एचपीव्हीशिवाय होतच नाही’ हे वाक्य १९९९ सालच्या ९९.७ टक्के या आकड्यावर उभं आहे. तो आकडा अपुरे नमुने वगळून काढलेला होता आणि त्यातल्या बहुतेक गाठी स्क्वेमस, म्हणजे मुखाच्या आवरणातल्या चपट्या पेशींच्या, होत्या. ग्रंथींपासून होणाऱ्या अ‍ॅडेनोकार्सिनोमाचं गणित वेगळं: त्यातल्या साधारण सहा-सातांपैकी एकीचा एचपीव्हीशी संबंध नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणात तर एचपीव्हीशी निगडित आणि एचपीव्हीविना असे सरळ दोन गट केले आहेत. तरीही निगेटिव्ह रिपोर्ट बघून ‘काही नाही, इन्फेक्शन आहे’ म्हणत गोळ्या लिहून देणं चालूच आहे, आणि माझा राग त्यावर आहे. तक्रार नसलेल्या बाईची चाळणी करायला ही टेस्ट उत्तम. पण महिनोन्‌महिने अंगावरून पाण्यासारखं किंवा शेंबडासारखं चिकट जातंय अशा बाईला तोच रिपोर्ट दाखवून घरी पाठवणं हा टेस्टचा दोष नाही, वापरणाऱ्याचा आहे.

गॅस्ट्रिक टाइप हुकतो कसा, ते बघा. गाठ बहुधा गर्भाशयमुखाच्या नळीत वरच्या बाजूला सुरू होते आणि आत भिंतीत खोल शिरते. बाहेरून मुख गुळगुळीत दिसतं, फार तर जाड, फुगलेलं. कॉल्पोस्कोपीत, म्हणजे भिंगातून मुख बघताना, पांढरा डाग उमटत नाही. पॅपचा ब्रश तिथवर पोचला तरी पेशी इतक्या सभ्य दिसतात की सामान्य ग्रंथी म्हणून सोडून दिल्या जातात. याच्या सर्वांत सौम्य दिसणाऱ्या रूपाला पूर्वी ‘अ‍ॅडेनोमा मॅलिग्नम’ म्हणायचे. पंच बायोप्सीत दोन-तीन मिलिमीटरचा वरचा तुकडा येतो. ग्रंथी किती खोल गेल्यात हेच निदानाचं मर्म, आणि नेमकं तेच त्या तुकड्यात नसतं. सोनोग्राफीत पाण्याच्या गाठी दिसल्या की ‘नॅबोथियन सिस्ट’ (मुखावरच्या निरुपद्रवी पाणगाठी) लिहून विषय संपतो. म्हणून संशय असेल तर एमआरआय, नळीच्या आतलं क्युरेटिंग आणि खोल वेज किंवा कोन बायोप्सी (पाचरीच्या किंवा शंकूच्या आकाराचा मोठा तुकडा काढणं). आणि कृपा करून तपासणीच्या फॉर्मवर ‘पाण्यासारखा स्राव, मुख फुगलेलं’ एवढं तरी लिहा. स्लाइड बघणाऱ्याला कोरा फॉर्म आला तर तोही साध्या ग्रंथी समजून पुढे जातो.

आता तुम्ही काय करायचं. बायोप्सीचे पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) मागून घ्या, नुसत्या स्लाइड नकोत, आणि स्त्रीरोगांच्या कर्करोगाचं पॅथॉलॉजी रोज बघणाऱ्याकडून रिव्ह्यू करून घ्या. पी१६ हे प्रथिन, जे एचपीव्हीवाल्या गाठीत ठळक दिसतं, इथे सहसा निगेटिव्ह किंवा तुकड्यातुकड्यांत येतं. ते क्वचित पॉझिटिव्हही येतं, त्यामुळे एकट्या पी१६वर निकाल नको. शंका राहिली तर ई६/ई७ आरएनएचं इन-सिटू हायब्रिडायझेशन (विषाणूची जनुकं गाठीत चालू आहेत का ते स्लाइडवरच बघणं) करायला सांगा. ईआर, पीआर (हार्मोनचे रिसेप्टर) बहुधा निगेटिव्ह, एमयूसी६ (जठराच्या ग्रंथींतलं प्रथिन) बऱ्याचदा पॉझिटिव्ह. पण जठर, स्वादुपिंड किंवा पित्तमार्गातून आलेली गाठही सूक्ष्मदर्शकाखाली अशीच दिसू शकते. पोटाचा सीटी आणि एंडोस्कोपी करून ते आधी निकालात काढा. स्लाइडवर असे रंग (स्टेन) देऊन हा प्रश्न सुटत नाही.

घरात एक गोष्ट विचारा: वहिनींच्या ओठांवर लहानपणी काळे ठिपके होते का? वयाबरोबर ते फिके पडतात. कुणाच्या आतड्यात पॉलिप निघाले होते का? पॉइट्झ-जेगर्स सिंड्रोममध्ये, म्हणजे एसटीके११ जनुकातल्या बिघाडात, हा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. बहुतेक रुग्णांत तो सिंड्रोम नसतो, पण निघालाच तर प्रत्येक मुलाला तो बिघाड मिळण्याची शक्यता निम्मी.

उपचारांत माझं मत स्पष्ट आहे. ही गाठ अंडाशय, पेरिटोनियम (पोटाचं आतलं अस्तर) आणि ओमेंटमवर (आतड्यांवरचा चरबीचा पडदा) पसरायला उत्सुक असते आणि रेडिएशन-केमोला नेहमीच्या प्रकारापेक्षा कमी दाद देते. त्याच टप्प्यातल्या एचपीव्हीवाल्या गाठीपेक्षा हिचा निकाल वाईट असतो. म्हणून शस्त्रक्रिया शक्य असेल तर ती पूर्ण हवी. अंडाशय ठेवायचा आग्रह धरू नका, ओमेंटम आणि पोटाचा आतला भाग बघायला सांगा. गाठ पुढे गेलेली असेल तर एचईआर२ आणि एमएमआर (औषध निवडायला मदत करणाऱ्या गाठीवरच्या तपासण्या) करून घ्या.

एचपीव्हीविना गटातले बाकीचे प्रकार आणखी विरळा. क्लिअर सेल या प्रकाराचा संबंध, काही रुग्णांत, आईने गरोदरपणी घेतलेल्या डीईएस या औषधाशी १९७१ मध्ये सापडला. मेसोनेफ्रिक प्रकार मुखाच्या बाजूच्या भिंतीत उरलेल्या भ्रूणावस्थेतल्या नळ्यांपासून होतो.

‘एचपीव्हीची लस घेतली असती तर?’ या प्रकारात फरक पडला नसता. ‘हे कुणाकडून आलं’ हा प्रश्नही इथे गैरलागू आहे. घरात तो कुजबुजत असेल तर बंद करा. (एचपीव्हीवाल्या गाठीतही तो विचारू नये, पण तो वेगळा वाद.)

मात्र हे वाचून कुणी लस किंवा नियमित तपासणी सोडू नये. बहुसंख्य गर्भाशयमुखाचे कर्करोग एचपीव्हीमुळेच होतात. आणि ‘निगेटिव्ह’ म्हटलेली प्रत्येक गाठ खरोखर एचपीव्हीविना असतेच असंही नाही: जुन्या ब्लॉकमध्ये डीएनए तुटतो, काही टेस्ट विषाणूच्या जनुकांतला एल१ हा भाग शोधतात आणि तो गाठीत गळालेला असू शकतो. कधी गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग खाली उतरून मुखाचा समजला जातो. रिव्ह्यू करायला सांगतोय तो यासाठीही. स्टेजिंगचा, म्हणजे गाठ किती पसरली ते बघायचा, एमआरआय मात्र रिव्ह्यूसाठी थांबवू नका, दोन्ही एकाच आठवड्यात होऊ शकतं.