जिताड्याला टाकलं आणि भलतंच लागलं, असं का होतं

भावा, प्रश्न वाचला. शिमग्याला गावी आलास, जयगड खाडीत जिताडा मासा धरायला लुअर (नकली आमिष) मारत बसलास आणि लागलं काय तर तळहाताएवढे कोकर, एक छोटी तांबोशी, एक चपट्या डोक्याचा मातकट मासा आणि वर एक काळुंदर. आता तू विचारतोयस लुअर बदलू का. लुअरचं काही चुकत नाहीये रे, मार्चमध्ये खाडीच बदललेली असते.

पावसाळ्यात ही खाडी गढूळ असते आणि वरच्या भागात जवळपास गोडी, नदी समुद्राला आत येऊच देत नाही. दिवाळीनंतर नदीची धार आटत जाते आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत खारं पाणी भरतीबरोबर बरंच आत चढायला लागतं, पाणीही नितळ होतं. त्यात होळी म्हणजे पौर्णिमा, म्हणजे उधाण आलंच, आणि मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात त्या सुमाराची उधाणं तशीही जोरदार असतात. खाऱ्या पाण्याबरोबर बारीक मासळी आणि कोळंबी आत येते, तिच्यामागे तिला खाणारे येतात. त्यामुळे जुलैत ज्या वळणावर फक्त शिंगाळा मिळेल तिथे मार्चमध्ये काय लागेल सांगता येत नाही.

वाशिष्ठीला मात्र हा हिशोब लावू नकोस. तिथे कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी उन्हाळ्यातही येत असतं, म्हणून चिपळूणकडे नदी गोडीच राहते. शिवाय तिकडे मगरी आहेत, गुडघाभर पाण्यात उतरून कास्ट मारायची (गळ फेकायची) हौस तिथे नको.

आता तुझे मासे. कोकर आणि तांबोशी यांचं आश्चर्य वाटायचं कारण नाही, दोघांचीही पिल्लं खाडीतच वाढतात आणि मोठी झाली की बाहेर समुद्रात खडकाळीला जातात. तांबोशी कांदळवनाच्या मुळांत नाहीतर पुलाच्या खांबाला दबा धरून असते, लुअर पुढून गेलं की एकदम झडप घालते आणि लगेच मुळांकडे वळते, तेव्हा ड्रॅग (रिळाचा ब्रेक) ढिला ठेवलास तर लाइन कालवांवर घासून गेलीच समज. तिच्यासाठी तरी ३०-४० पौंडाचा लीडर (लुअरच्या आधी बांधायचा मजबूत दोरीचा तुकडा) ठेव. चपटा मासा म्हणजे फ्लॅटहेड, तो वाळूत अंग पुरून वर बघत बसतो, तुझं जिगहेड (वजन लावलेला गळ) तळाला टेकत टेकत आलं म्हणून लागला, उलट तू तळ बरोबर धरलास असं मी म्हणेन.

काळुंदराची गोष्ट वेगळी आहे आणि मला स्वतःला ती सगळ्यात भारी वाटते. हा मासा मुख्यतः शेवाळ आणि तळाचा गाळ खाणारा, लहानसं तोंड, लुअर त्याचं खाणं नव्हेच. पण नर-मादी मिळून अंडी आणि पिल्लं राखतात आणि त्या वेळी जवळ काहीही आलं की अंगावर धावून जातात. म्हणजे तुझं लुअर त्याने खायला धरलं नाही, हाकलायला धरलं असण्याची शक्यता जास्त. एकाच दगडापाशी लागोपाठ दोन काळुंदरं लागली तर ती सोड आणि जागा बदल, त्यांना तव्यावर घेतलंस की मागची पिल्लं दुसऱ्यांच्या पोटात.

अजून काय काय लागू शकतं ते पण सांगून ठेवतो. खाडीच्या तोंडाशी चकचकीत छोटं जिग मारलंस तर करली येईल, दात असे की पातळ लीडर सरळ कापते. टोळ मासा चोच मारत लुअरमागे येतो पण चोच हाडाची, हुक बसतच नाही, त्यात वेळ घालवू नको. सॉफ्ट प्लॅस्टिकचं (मऊ रबरी लुअरचं) शेपूट ब्लेडने कापल्यासारखं गायब झालं तर केंड समज. तो फुगून मजा दाखवतो, पण कितीही मोठा असो घरी न्यायचा नाही, त्याचं विष शिजवून जात नाही. शिंगाळा सोडवताना पाठीचा आणि दोन्ही बाजूंचा काटा सांभाळ. लागलाच तर जखम धुऊन हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास तरी बुडवून ठेव, ठणका कमी होतो, आणि काटा आत मोडला किंवा सूज चढायला लागली तर सरळ डॉक्टर. बोय पाठीत नाहीतर शेपटीत हुक अडकून आली तर ती लुअरला लागली असं सांगत फिरू नकोस 😄

बरं, जिताडा कुठे आहे? तिथेच आहे. पण पाणी नितळ असताना तो तुला आणि तुझ्या जाड लाइनला आधी बघतो, आणि बारीक लुअर त्याच्यापर्यंत पोचायच्या आत कोकर पळवतात. तीन इंचांचं सोडून पाच इंचांचं घे, गुंडाळायचा वेग निम्मा कर, मध्ये थांबव, थांबलेल्या लुअरवर तो जास्त येतो. वेळ म्हणशील तर भरती संपून सुकती लागते तो पहिला तास, आणि तो सकाळी येईल असे दिवस बघ, कारण दुपारी वायव्येचा वारा सुटला की हलकं लुअर जातं एकीकडे आणि लाइन दुसरीकडे. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराला भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांत, पाण्याला फारशी ओढ नसते, तेव्हा मी तरी रॉड काढत नाही.

आणि मोठा मिळाला तर एक विनंती. जिताडा आधी नर असतो, मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे मीटरभर लांबीचा दणकट जिताडा बहुतेक मादीच, आणि पावसाच्या सुरुवातीला खाडीच्या तोंडाकडे अंडी घालायला तीच उतरणार. मधल्या साइजचा एखादा घरी ने, कालवण कर, कोणी काही बोलणार नाही, पण तिला फोटो काढून सोड. ट्रेबल हुकचे (तीन टोकांच्या गळाचे) उलटे काटे पक्कडने आधीच दाबून ठेवलेस तर सोडवायला दोन सेकंद लागतात आणि तुझी बोटंही वाचतात. त्या चपट्या माशाचा फोटो आहे का? असेल तर टाक, डोक्यावरचे काटे बघायचेत.