आशीर्वाद होईपर्यंत बसा

पत्र : प्रिय मावशी, सलाम. मी ३६ वर्षांची, दोन मुलांची आई. नगरला शाळेत शिक्षिका आहे. सकाळी साडेपाचला उठते, रात्री साडेअकराला अंग टाकते. बायबल वाचन होत नाही. प्रार्थना म्हणजे स्कूटीवर पुटपुटलेले दोन शब्द. रविवारी चर्चमध्ये मुलांचा शब्बाथशाळेचा वर्ग घेते, मग उपासना. उपासनेच्या शेवटी पाळकसाहेब देतात त्या आशीर्वादाआधीच निघते, कारण दीर-नणंदांची कुटुंबं धरून जेवायला ११ जण असतात आणि चपात्या व्हायच्या असतात. बाकीचे मागाहून येतात. आमच्या महिला मंडळात सांगितलं, पहाटे चारला उठून एक तास देवाला दिला की सगळा दिवस मार्गी लागतो. तीनदा प्रयत्न केला, जमलं नाही. देवाला पहिलं स्थान देता येत नाही म्हणून मन सारखं खातं. चारला उठायची सवय कशी लावू? की शब्बाथशाळा सोडून देऊ? – एक थकलेली आई

उत्तर :

ताई, सलाम.

चारला उठू नका. हे आधीच सांगते, म्हणजे उद्याचा गजर आत्ताच बंद कराल. साडेअकराला झोपून चारला उठायचं म्हणजे साडेचार तास झोप. मोठ्या माणसाला निदान सात तास लागतात. वर्गभर पोरं सांभाळायची, घरी दोन, शिवाय रहदारीत स्कूटी चालवायची, आणि हे सगळं साडेचार तासांवर? तीनदा जमलं नाही ते तुमचा विश्वास कमी पडला म्हणून नव्हे, बेरीजच चुकीची होती म्हणून. १२७ व्या स्तोत्राचं दुसरं वचन काढून बघा. पहाटे उठून, रात्री उशिरापर्यंत खपून कष्टाची भाकर खाणं व्यर्थ आहे, असं तिथं सरळ लिहिलंय. त्या वचनात झोप देवाच्या बाजूला आहे, जागरण नाही. एलिया संदेष्टा मरण मागत झुडुपाखाली पडला होता तेव्हाही (१ राजे १९) देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, उठवून पुन्हा खाऊ घातलं. देवाचं डोंगरावरचं बोलणं त्यानंतरचं.

आता तुमच्या पत्रातल्या खऱ्या वाक्याकडे येऊ. ते तुम्ही जाता जाता लिहिलंय: ‘आशीर्वादाआधीच निघते.’

अहो, आठवडाभर तुम्ही देवाकडे शांती मागता. आणि पाळकसाहेब हात वर करून ‘परमेश्वर तुला शांती देवो’ म्हणतात तेव्हा तुम्ही आवारात स्कूटी सुरू करत असता. गणना ६, वचनं २४ ते २६. सावकाश म्हटली तरी अर्ध्या मिनिटात होतात. बाकीचे दहा जण तो आशीर्वाद घेऊन रमतगमत घरी येतात आणि ज्या बाईला त्याची सगळ्यात जास्त गरज आहे ती तोवर कणीक मळत असते. देवाला पहिलं स्थान देता येत नाही, म्हणता. पहिलं स्थान गरम चपातीला दिलंय, मग कसं येईल? आणि गरम चपातीच हवी असं सासूबाई म्हणतात की नवरा म्हणतो, ते पत्रात कुठंच नाही. मला दाट संशय आहे की कुणीच म्हणत नाही, हट्ट तुमचाच आहे. ‘तिच्या हातचं गरम गरम’ ही वाहवा सोडवत नाही, आणि मग दमलं की मन खातं ते बायबल वाचन झालं नाही म्हणून!

चौथी आज्ञा (निर्गम २०) बघा, विसाव्याच्या दिवशी कुणाकुणाला सुटी दिलीय. मुलगा, मुलगी, दास, दासी, वेशीच्या आतला परका, गुरंढोरंसुद्धा. बैलाला सुटी आहे आणि तुम्हाला नाही, हे कुठल्या शास्त्रात बसतं? रविवारी चूल पेटवूच नका असं मी म्हणत नाही. शब्बाथ माणसासाठी आहे, हे प्रभूनंच सांगितलंय (मार्क २:२७). पण त्याची तयारी आदल्या दिवशी करायची असते, हे रानात इस्राएल लोकांसाठी मान्ना, म्हणजे देवानं आकाशातून दिलेलं अन्न, पडत होता तेव्हापासून ठरलेलं आहे. रोज माणशी एक ओमर (तेव्हाचं माप) गोळा करायचा, सहाव्या दिवशी दोन; भाजायचं ते भाजा, शिजवायचं ते शिजवा, उरलेलं सकाळसाठी ठेवा (निर्गम १६). एरवी ठेवलेल्या मान्नात किडे पडायचे, त्या दिवशी पडले नाहीत. आपल्याकडे फ्रिज आहे.

तेव्हा कालवण शनिवारी संध्याकाळी पूर्ण शिजवून ठेवा. ११ जणांत लहान मुलं आहेत, दोन किलो मटण पुरतं. वाटणात सुकं खोबरं घ्या. ओला नारळ लवकर आंबतो. शिजल्यावर मोठ्या पातेल्यात तसंच झाकून ठेवू नका, इथंच बहुतेकींचं कालवण बिघडतं. खोल भांड्यात मधला भाग तासन् तास कोमट राहतो आणि नासायला तिथूनच सुरुवात होते. दोन-तीन पसरट भांड्यांत काढा, वाफ जाऊ द्या, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. रविवारी एकदाच, चांगली खळखळून उकळी आणा. मुरलेलं कालवण ताज्यापेक्षा चवीला सरसच लागतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

भात मात्र शनिवारी करू नका. शिजलेला भात बाहेर राहिला की त्यात जे विष तयार होतं ते पुन्हा गरम करूनही जात नाही. एक किलो तांदूळ निवडून, मोजून झाकून ठेवा. घरी आल्यावर धुऊन दुप्पट पाण्यात चढवायचा, अर्ध्या तासात पानात.

आणि चपात्या बंद. माणशी तीन म्हटल्या तरी ३३ होतात. लाटून भाजायला एकीला दोन मिनिटं धरली तर सहासष्ट मिनिटं, कणीक मळायची ती वेगळी, म्हणजे सव्वा तास कुठं गेला नाही. तुमचा आशीर्वाद याच सव्वा तासात जातो. शनिवारी बेकरीतून पाव आणा, माणशी तीन. ज्याला चपातीच हवी त्यानं ती लाटावी.

पहिल्या रविवारी जेवण पाऊण तास उशिरा होईल. मुलांसाठी पर्समध्ये केळी आणि शेंगदाण्याची चिक्की ठेवा, भुकेली पोरंच सगळ्या घराला घाई करतात. कुणीतरी ‘आज चपाती नाही का?’ विचारेल. ‘नाही’ म्हणा आणि पाव पुढं करा. कारणं सांगत बसू नका, माफी तर मुळीच नको. माफी मागितलीत की पुढच्या रविवारी पोळपाट पुन्हा तुमच्यापुढं.

खरा धोका वेगळाच आहे: रविवारचं ओझं उचलून शनिवारवर ठेवलं, पण खांदा तोच राहिला. तसं झालं तर काहीच बदललं नाही. यरुशलेमेत विधवांच्या रोजच्या जेवणावरून कुरकुर झाली तेव्हा प्रेषितांनी काय केलं ते प्रेषितांची कृत्यं ६ मध्ये आहे. पंगतीच्या कामाला सात पुरुष नेमले. त्यांची नावंही दिली आहेत आणि पहिलं नाव स्तेफनाचं, जो पुढं पहिला रक्तसाक्षी झाला. तेव्हा पंगत वाढणं हलकं काम आहे असं निदान मंडळीतल्या पुरुषांनी तरी म्हणू नये. नवऱ्याला ‘जरा मदत करा ना’ म्हणू नका. मदत कधीही टाळता येते, नेमलेलं काम टाळता येत नाही. भात नवऱ्याचा, वाढणं भाऊजींचं, भांडी दोघांची. कांदा-कोथिंबीर मुलांनी करायची. असं नाव घेऊन सांगा, आणि तेही शनिवारी, रविवारी पानं मांडताना नव्हे.

शब्बाथशाळा सोडायची नाही. एकीकडे वाचन होत नाही म्हणता, दुसरीकडे दर रविवारी मुलांना पाठ शिकवता. मग तो पाठ न वाचता शिकवता का? त्याचाच उतारा सोमवारपासून घ्या. शाळेत मोकळ्या तासाला दहा मिनिटं वाचा, रात्री तोच मुलांना झोपताना मोठ्यानं वाचून दाखवा. आठवडाभर एकच उतारा. वाचन, कौटुंबिक प्रार्थना, वर्गाची तयारी, तिन्ही झालं. आणि स्कूटीवरच्या दोन शब्दांना कमी लेखू नका. राजानं ‘तुला काय हवं’ विचारलं आणि त्याच्या सेवकानं, नहेम्यानं, उत्तर दिलं, त्या दोहोंच्या मध्ये त्यानं प्रार्थना केली (नहेम्या २:४). ती किती लांब असेल? फक्त डोळे उघडे ठेवा.

येत्या रविवारी वर्ग झाला की स्कूटीची किल्ली नवऱ्याकडे देऊन टाका आणि बाकावर अगदी आतल्या बाजूला बसा, म्हणजे मधेच उठायचं तर चार जणींना ओलांडावं लागेल. शनिवारी मटण आणायला भाऊजींना पाठवा. दोन किलो, हाडासकट.

– मावशी