'इर्रेव्हर्सिबल' पाहताना इतके प्रेक्षक मध्येच उठून का गेले?

गास्पार नोए यांचा हा फ्रेंच सूडपट मे २००२ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला, तेव्हा सुमारे २५० प्रेक्षक बाहेर पडल्याच्या आणि भोवळ आलेल्या काहींना प्राणवायू द्यावा लागल्याच्या बातम्या आल्या होत्या. याचे कारण केवळ हिंसा नव्हते. पहिला अर्धा तास अत्यंत खालच्या पट्टीतला, कानांना जेमतेम जाणवणारा घरघराट चालू असतो आणि कॅमेरा गरगरत राहतो, त्यामुळे पडद्यावर काय चालले आहे हे नीट कळण्याआधीच पोटात ढवळू लागते. पुढे भुयारी मार्गातील बलात्काराच्या प्रसंगात मात्र तोच कॅमेरा जमिनीलगत खिळून बसतो आणि जवळपास नऊ मिनिटे हलत नाही. मागे दूरवर एक माणूस येतो, पाहतो आणि निमूट परत फिरतो. (मला तर तो माणूसच अधिक छळतो.)

कथा उलट्या क्रमाने सांगितल्यामुळे सूड आधी दिसतो, त्याचे कारण नंतर कळते, आणि अग्निशामक नळकांड्याने ज्याचा चेहरा ठेचला जातो तो खरा गुन्हेगार नसतोच. या क्रमामुळे सूडाचा आनंद प्रेक्षकाला मिळत नाही, म्हणून अमेरिकी चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी चित्रपटाची रचना नैतिक मानली. ते मला पटते. पण हा सूड जिथे घेतला जातो तो समलिंगी पुरुषांचा क्लब नरकासारखा रंगवल्याबद्दल जो आक्षेप घेतला गेला, त्याला या युक्तिवादातून उत्तर मिळत नाही.