वाचकांचे प्रश्न : बायकांची फुटबॉल लीग

प्रश्न : भाऊ, कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबच्या पोरींनी इंडियन विमेन्स लीग जिंकली म्हणे, ही लीग नक्की असते कशी? महाराष्ट्राची टीम नाही का?

उत्तर : ताई, २०२४-२५चा सीझन म्हणताय ना, आठ टीम होत्या, प्रत्येकीशी एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या, म्हणजे १४ मॅच. आधी असं नव्हतं हो, सगळ्यांना एकाच शहरात बोलवायचे नि काही आठवड्यांत स्पर्धा उरकून टाकायचे, होम-अवे पद्धत आली ती २०२३-२४ला, तेव्हा ओडिशा एफसी जिंकली. माझ्या मते हाच सगळ्यात मोठा बदल, कारण त्यामुळे पोरींना महिनोन्‌महिने खेळायला मिळालं नि गावातले लोक त्यांना बघायला आले. ईस्ट बंगालची सौम्या गुगुलोथ तर बघाच, काय पळते! गोल मात्र सर्वात जास्त गोकुलम केरळाच्या फाझिला इक्वापुटचे, ती युगांडाची.

आपली टीम? २०१६-१७च्या पहिल्याच सीझनला एफसी पुणे सिटी होती, २०२४-२५ला महाराष्ट्रातली एकही नाही, याचं खरंच वाईट वाटतं, कोल्हापुरात तर फुटबॉलचं एवढं वेड आहे, तिथल्या फुटबॉल खेळणाऱ्या तालमींनी पोरींच्या टीमसाठी पुढे यायलाच पाहिजे.