‘पथेर पांचाली’मधली पांचाली कोण?

प्रश्न असा: बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’ या कादंबरीच्या नावातली पांचाली म्हणजे द्रौपदीच ना? मग नावाचा अर्थ ‘वाटेवरची द्रौपदी’ असा घ्यायचा का?

नाही. द्रौपदीचा इथे काहीच संबंध नाही. हा घोटाळा आपल्या लेखनपद्धतीमुळे होतो. बंगालीत हे दोन वेगळे शब्द आहेत आणि लिहिलेही वेगळे जातात. पांचाल देशाची राजकन्या ती ‘पाञ्चाली’. हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला आणि त्यातला अनुनासिक वर्ण स्पष्ट उच्चारायचा. कादंबरीच्या नावात आहे तो ‘पाँचाली’. त्यावर चंद्रबिंदू आहे, म्हणजे ‘पा’मधला आकार फक्त नाकातून काढायचा. ‘पंच’ आणि जुन्या मराठी पुस्तकांत छापलेला ‘पांच’ हे दोन्ही एकापाठोपाठ म्हणून पाहा, फरक लगेच कानाला कळेल. मराठीत चंद्रबिंदू लिहायची रीत नाही, म्हणून दोन्ही शब्द ‘पांचाली’ या एकाच रूपात येतात आणि महाभारत मनात मुरलेल्या आपल्या वाचकाला आधी द्रौपदीच आठवते.

‘पथेर’मधला ‘एर’ म्हणजे आपला चा-ची-चे. तो लिंगाप्रमाणे बदलत नाही. शब्द उच्चारात व्यंजनाने संपला तर ‘एर’, स्वराने संपला तर नुसता ‘र’ लागतो: पथ–पथेर, लक्ष्मी–लक्ष्मीर. म्हणून ‘पथेर’ म्हणजे वाटेची.

आता खरा शब्द. पांचाली हा बंगालीतला जुना पद्यप्रकार आहे. देवाची किंवा देवीची कथा, तिचे व्रत आणि त्याचे फळ सांगणारे हे काव्य सुरात म्हटले जाते. लक्ष्मीर पांचाली, शनिर पांचाली, सत्यनारायणाची पांचाली अशा कितीतरी आहेत. कृत्तिवासाचे बंगाली रामायणही ‘श्रीराम पांचाली’ म्हणून ओळखले जाते. एकोणिसाव्या शतकात दाशरथी राय (1806–1857) यांनी पांचालीचे जाहीर कार्यक्रम गाजवले. पण हा प्रकार खरा टिकून राहिला तो घरात. बंगाली घरांत गुरुवार हा लक्ष्मीचा वार. त्या दिवशी घरातली बाई पूजा करून लक्ष्मीची पांचाली वाचते. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आपल्याकडे महालक्ष्मीची पोथी वाचतात, ते दृश्य डोळ्यांसमोर आणले तर फार समजावून सांगावे लागत नाही.

पांचालीचा नेहमीचा छंद पयार. एका चरणात चौदा अक्षरे, आठांवर यती म्हणजे थांबा, मग सहा. आणि दोन-दोन चरणांना यमक. लक्ष्मीच्या पांचालीची सुरुवातच मोजून पाहा:

दोलपूर्णिमार निशि । निर्मल आकाश
मंद मंद बहितेछे । मलय बातास

जोडाक्षर एकच धरायचे, म्हणजे 8 आणि 6 बरोबर भरतात. (बातास म्हणजे वारा.)

शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. कोणी तो ‘पांचालिका’ म्हणजे बाहुली या शब्दाशी जोडतात, कोणी पाच या संख्येशी. कादंबरीचे नाव समजायला त्याने फारसा फरक पडत नाही.

फरक पडतो तो दुसऱ्या गोष्टीने. पांचाली कोणाची, या प्रश्नाचे उत्तर सहसा देवतेचे नाव असते. बिभूतिभूषणांनी त्या जागी ‘पथ’ ठेवला. कादंबरीच्या अखेरीस तिचा नायक, लहानगा अपू, याला निश्चिंदीपूरला, आपल्या गावाला परत जायचे असते. तेव्हा पथाचा देव हसून त्याला सांगतो की वाट तुमच्या गावच्या बांबूच्या बनात संपलेली नाही, ती पुढे, पुढेच गेली आहे. म्हणजे शीर्षकात जिची पांचाली मांडली, ती देवता शेवटच्या पानावर स्वतः बोलते. ‘वाटेचे गाणे’ असे भाषांतर केले की हा दुवाच तुटतो. लेखकाचे वडील महानंद बंद्योपाध्याय हे कथक, म्हणजे आपल्याकडच्या पुराणिकासारखे, पौराणिक कथा सांगणारे होते. देवतेची कथा कशी मांडतात हे बिभूतिभूषणांना घरातूनच ठाऊक होते.

मग मराठीत काय म्हणावे? ‘वाटेची कहाणी’ चालेल, श्रावणातल्या कहाण्यांमुळे त्या शब्दाला व्रताचा वास आहे. पण आज कहाणी म्हणजे कुठलीही गोष्ट असा अर्थ झाला आहे. ‘वाटेचे माहात्म्य’ म्हटले तर देवता येते, जिव्हाळा जातो. माझी पसंती ‘वाटेची पोथी’ला. पोथीत देव आहे, सूर आहे आणि घरही आहे. ही सारी चर्चा अर्थ सांगण्यापुरती. पुस्तकाचे नाव घेताना मात्र ‘पथेर पांचाली’च लिहावे आणि ते स्त्रीलिंगी चालवावे.

कादंबरी 1928–29 मध्ये ‘विचित्रा’ मासिकातून क्रमशः आली आणि 1929 मध्ये पुस्तकरूपाने निघाली. तिच्या तीन भागांची नावेही अशीच जुन्या भांडारातली आहेत. ‘बल्लाली बालाई’ म्हणजे बंगालचा जुना राजा बल्लाळसेन याच्या नावाने चालत आलेल्या कुलीनप्रथेची, म्हणजे उच्च कुळातल्या ब्राह्मणांनी अनेक बायका करण्याच्या चालीची पीडा. अपूच्या घरातल्या म्हाताऱ्या इंदिर ठाकरूणचे आयुष्य या प्रथेनेच नासवले. ‘आम आँटिर भेंपू’ म्हणजे आंब्याच्या कोयीची पिपाणी. आणि ‘अक्रूर संवाद’ तर भागवत ऐकलेल्याला सांगायलाच नको: अक्रूर कृष्णाला गोकुळातून मथुरेला नेतो, तसा अपू निश्चिंदीपूर सोडतो.

लिहिताना होणाऱ्या दोन चुका. आडनाव ‘बंदोपाध्याय’ नव्हे, ‘बंद्योपाध्याय’. मूळ वंद्य + उपाध्याय, त्यामुळे ‘द्य’ गाळू नये. आणि पुढच्या कादंबरीचे नाव ‘अपराजिता’ नाही. बंगालीत ते ‘अपराजित’ असे लिहितात आणि शेवटचा अकार ओकारासारखा उच्चारतात, म्हणून ‘अपराजितो’ ऐकू येते. मराठीत ‘अपराजित’ लिहावे. तो अपू आहे, कोणी स्त्री नव्हे.