टेक्स्चरवर रेझिन ओतताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: संगमरवराची भुकटी आणि फेव्हिकॉल कालवून ४५ × ६० सेंटिमीटरच्या कॅनव्हासवर जाड टेक्स्चर केलं, वर ॲक्रेलिक रंग दिले आणि दुसऱ्याच दिवशी इपॉक्सी रेझिन ओतलं. सगळीकडे बुडबुडे आले, मधोमध तळं साचलं आणि दोन ठिकाणी दुधाळ डाग पडले.
(दांडिया बाजार, बडोदे)

उत्तर: तिन्हींची कारणं वेगळी. टेक्स्चर सच्छिद्र असतं. रेझिन त्यात मिसळलेल्या हार्डनरमुळे, म्हणजे जोडीच्या द्रवामुळे, घट्ट होताना तापतं, छिद्रांतली हवा फुगून वर येते. अशा वेळी गॅस टॉर्च फिरवून भागत नाही, कारण हवा खालून येतच राहते. आधी ॲक्रेलिक मीडियमचे (रंग नसलेल्या पारदर्शक ॲक्रेलिकचे) दोन हात खाचाखोचांत ब्रशने नीट जिरवा, पूर्ण वाळू द्या. मग रेझिनचा पातळ थर ब्रशनेच लावा. तो बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही, इतपत झाला की मुख्य थर ओता. साधारण चार-पाच तास लागतात, गारठ्यात जास्त.

दुधाळ डाग ओलाव्याचे. जाड लेप वरून कोरडा वाटतो, आत ओलाच असतो. एका वेळी ३ मिलिमीटरपेक्षा जाड लेप नको, दोन लेपांत एक दिवस सोडा आणि शेवटच्या लेपानंतर आठवडाभर थांबा. पावसाळ्यात आणखी.

तळ्याचं कारण वजन. तुमच्या कॅनव्हासवर ३ मिलिमीटर थराला सुमारे ८१० मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ ९०० ग्रॅम रेझिन बसतं. कापडाला झोळ पडणारच. १२ मिलिमीटरचा प्लाय किंवा एमडीएफ (दाबलेल्या लाकडी तंतूंची फळी) घ्या. कॅनव्हासच हवा असेल तर चौकटीत मागून पुठ्ठ्याचे थर घट्ट बसवा आणि ओतण्याआधी पाणसळ लावून बघा.

न विचारलेलं एक: सपाट होणं हा रेझिनचा स्वभावच आहे. २ मिलिमीटरचं टेक्स्चर ३ मिलिमीटर रेझिनखाली बुडतं, उरते ती फक्त चकाकी. एवढी मेहनत करून सगळं चित्र काचेखाली घालण्यात काय हशील? सखल भागापुरतंच रेझिन ओता, उंचवटे कोरडे, मॅट ठेवा. दोन्ही पोत एकमेकांमुळे खुलतात.

प्रश्न: ऑगस्टमध्ये केलेलं काम आठवडा झाला तरी चिकट आहे. हार्डनर वाढवून पुन्हा ओतू का?
(रावपुरा, बडोदे)

उत्तर: हार्डनर अजिबात वाढवू नका. जादा हार्डनरला जोडीला रेझिन मिळत नाही. तो तसाच राहून थर मऊ पाडतो. आधी हात फिरवून बघा, चिकट आहे की तेलकट?

चिकट असेल तर मिश्रण चुकलं. बाटलीवर रेझिन-हार्डनरचं २:१ प्रमाण आकारमानाचं दिलं असेल आणि तुम्ही ते वजनकाट्यावर मोजलं, तर हार्डनर हलका असल्यामुळे जास्त पडतो. तीन मिनिटं सावकाश ढवळा, कपाच्या कडा आणि तळ खरवडा, मग दुसऱ्या कपात ओतून पुन्हा ढवळा. आताचा चिकट भाग खरवडून काढावाच लागेल. ॲक्रेलिक रंग मिसळत असाल तर चिमूटभरच. त्यात पाणी असतं.

सगळीकडे तेलकट, मेणचट साय असेल तर दोष हवेचा: हार्डनरमधली अमाइन्स ही रसायनं दमट हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी आणि बाष्पाशी संयोग पावतात. कोमट पाणी, साबण आणि मऊ घासणीने धुवा, वाळवा आणि नंतरच २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून नवा थर द्या. आधी घासलंत तर साय पसरते आणि वरचा थर धरत नाही. बडोद्याच्या पावसाळ्यात खोलीत आर्द्रतामापक ठेवा. ७० टक्क्यांच्या वर काटा असेल तर ओतायचं नाही. उत्तरायणाच्या थंडीत उलट रेझिन दाटतं, तेव्हा बंद बाटली दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा.

प्रश्न: कपात उरलेल्या रेझिनमधून धूर आला.
(मांडवी, बडोदे)

उत्तर: एका जागी साठलं की उष्णता बाहेर पडत नाही. कप हातात धरू नका, कचऱ्याच्या डब्यात तर नकोच. उघड्यावर फरशीवर ठेवून थंड होऊ द्या. पुढच्या वेळी कालवलेलं रेझिन लगेच ओता, उरलेलं पसरट ट्रेमध्ये पातळ पसरा. नायट्राइलचे हातमोजे आणि रासायनिक वाफांचा मास्क हवाच. त्वचेला लागलं तर साबणाने धुवा. थिनरने ते उलट कातडीत मुरतं.